नमुना पाहून सौदा : परदेशातील मुक्कामाची निवड

लालबागच्या बाजारात धान्याचे पोते केवळ बाहेरून पाहून कोणी विकत घेत नाही. पोत्याच्या तोंडाशी ठेवलेला माल चांगलाच असणार, हे प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक असते. म्हणून तो पोत्याच्या पोटात नळी खुपसतो, आलेला दाणा तळहातावर पसरतो, नखाने दाबून पाहतो आणि मगच भावाची गोष्ट काढतो. मसाल्याच्या दुकानांतही रीत तीच. मिरची हातात मोडल्याशिवाय आणि हळकुंड तोडून आतला रंग पाहिल्याशिवाय सौदा होत नाही. परंतु हाच व्यापारी परदेशातील हॉटेलची खोली मात्र चार छायाचित्रे पाहून, मोबाइलवर अंगठा टेकवून पक्की करतो. तेथे नमुना मागावा, असे त्याच्या मनातही येत नाही.

लालबागच्या कोणत्याही जुन्या पेढीवर घडावा, असा एक प्रसंग. गिरण्यांच्या भोंग्यावर ज्या काळी परिसराचे घड्याळ चाले, त्या काळापासूनचे दुकान. कामगारांना महिनाभराचा शिधा खात्यावर देऊन पगाराच्या दिवशी हिशेब मिटवणारी ती पिढी गेली. आता मुलगा दुकान पाहतो, नातू हिशेबाचे काम संगणकावर करतो, नात महाविद्यालयात शिकते. घरात सारे ज्यांना बा म्हणतात, त्या आजी पंचाहत्तरीच्या घरात आहेत. त्यांचा चौविहार चाळीस वर्षांत मोडलेला नाही. सूर्यास्तानंतर अन्नही नाही आणि पाणीही नाही.

मे महिन्यात, चातुर्मास लागण्यापूर्वी, मलेशियातील पिनांग बेटावरील जॉर्ज टाउन येथे सहा दिवस जावे, असे नातवंडांनी सुचविले. पूर्वी एकदा हे कुटुंब यात्रा कंपनीबरोबर परदेशी गेले होते. सोबत महाराज होता, स्वयंपाक शुद्ध होता, वेळेवर होता. मात्र दिवसाचा अर्धा भाग बसमध्ये गेला, आणि मोठमोठ्या हॉटेलांच्या एकसारख्या खोल्यांमुळे कोणते शहर पाहिले, हेही पुढे आठवेना. यंदा नातवंडांना आपापले जायचे होते. एखाद्या जुन्या वास्तूत, घरासारख्या लहान हॉटेलात, माफक खर्चात राहायचे होते.

बा शांतपणे म्हणाल्या, ‘‘तुम्ही सगळे जाऊन या. मी घर सांभाळते.’’

हे वाक्य अनेक घरांत ऐकू येते. बहुतेक वेळा ते स्वीकारलेही जाते. म्हाताऱ्या माणसाला प्रवास झेपणार नाही, अशी समजूत घालून सर्वांना थोडे हलके वाटते. वस्तुतः येथे प्रश्न प्रकृतीचा नव्हता. बा आजही सकाळी देरासरला पायी जातात. आपल्या व्रतामुळे चौघांच्या सहलीला अडचण होईल, हा त्यांचा संकोच होता. तो दूर करण्याचे काम विमानाचे तिकीट करू शकत नाही. योग्य मुक्काम ते करू शकतो.

परदेशगमन ही जैन व्यापाऱ्याला नवी गोष्ट नव्हे. लालबागपासून फार दूर नसलेले भायखळ्याचे आदीश्वर मंदिर उभारणाऱ्या मोतीशा शेठ यांची जहाजे एकोणिसाव्या शतकात चीनपर्यंत जात. १८९३ साली शिकागो येथे सर्वधर्म परिषद भरली, तेव्हा आचार्य विजयानंदसूरी साधुधर्माच्या मर्यादेमुळे समुद्रपार जाऊ शकत नव्हते. त्यांच्या वतीने गृहस्थ असलेले वीरचंद राघवजी गांधी गेले आणि शाकाहार सांभाळून त्यांनी अमेरिकेत व्याख्याने दिली. गृहस्थाला प्रवास वर्ज्य नाही. त्याला मर्यादा मात्र आहे. श्रावकाच्या बारा व्रतांमध्ये दिशापरिमाण आहे आणि भोगोपभोगपरिमाणही आहे. किती दूर जावे आणि गेल्यावर किती भोगावे, हे निघण्यापूर्वी ठरवावे, असा त्यांचा आशय. हा विचार ध्यानी घेतला, तर माफक दराचे हॉटेल शोधणे हा केवळ काटकसरीचा भाग राहत नाही. जलतरण तलाव, रात्रीचे मद्यगृह, चोवीस तास उघडे भोजनगृह या ज्या सोयी जैन कुटुंब वापरणारच नाही, त्यांची किंमत चुकती करण्यात ना व्यवहार आहे ना व्रत.

अधिक पैसे मोजले की आचाराची सोय आपोआप होते, हा समज चुकीचा असल्याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १८८८ साली मोहनदास गांधी बॅरिस्टर होण्यासाठी मुंबईहून इंग्लंडला निघाले. त्यापूर्वी बेचरजी स्वामी या जैन साधूंनी त्यांच्याकडून मांस, मद्य आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा करवून घेतली होती. लंडनला पोहोचल्यावर ते व्हिक्टोरिया हॉटेल या भव्य वास्तूत उतरले. पुढे आत्मकथेत त्यांनी लिहिले आहे की, त्या थोड्या दिवसांच्या मुक्कामाचे बिल तीन पौंडांचे झाले आणि तरीही ते जवळजवळ उपाशीच राहिले. एक पदार्थ रुचला नाही म्हणून दुसरा मागवावा, तर पैसे दोन्हींचे द्यावे लागत. त्यांची भूक भागली ती पुढे काही काळाने, पायी हिंडता हिंडता फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी भोजनगृह सापडले तेव्हा. हॉटेल वाईट नव्हते. ते या पाहुण्यासाठी नव्हते, इतकेच. प्रतिज्ञेचे बळ मोठे खरे, पण त्या बळाची रोज तीन वेळा परीक्षा पाहणारा मुक्काम निवडण्यात शहाणपण नाही.

आता ज्याला लोक वैशिष्ट्यपूर्ण हॉटेल म्हणतात, ते नेमके काय, हे पाहू. तारांकनाची पद्धत देशागणिक वेगळी असली, तरी तारे बहुधा सोयी मोजतात. लिफ्ट आहे का, स्वागतकक्ष किती तास उघडा, खोलीत काय काय आहे, हे त्यावरून कळते. वास्तूला काही इतिहास आहे का, मालक तेथे राहतो का, सकाळी खिडकी उघडल्यावर गावाचे जीवन दिसते का, हे ताऱ्यांत येत नाही. जॉर्ज टाउनचेच पाहावे. मलाक्का आणि जॉर्ज टाउन या दोन शहरांना २००८ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले. तेथील जुन्या पेठांत अरुंद, परंतु खोलवर गेलेली दुमजली घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. खाली दुकान, वर राहते घर, पुढे पादचाऱ्यांसाठी छपराखालची वाट आणि मध्यभागी उजेड-वाऱ्यासाठी उघडा चौक. यांतील कित्येक घरांची आता लहान हॉटेले झाली आहेत. खाली पेढी आणि वर बिऱ्हाड ही रचना लालबागच्या व्यापाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. श्रीलंकेतील गॉलचा किल्ला १९८८ पासून याच जागतिक यादीत आहे, आणि त्याच्या तटाच्या आतील जुन्या घरांतही असे मुक्काम मिळतात.

अशा लहान हॉटेलाचा जैन कुटुंबाला मोठा लाभ असा की, तेथे प्रश्न विचारला तर उत्तर माणूस देतो. ज्याच्या हाती स्वयंपाकघराची किल्ली आहे, त्याच्याशीच बोलता येते. मोठ्या हॉटेलात आरक्षण करणारा एक, स्वागत करणारा दुसरा आणि स्वयंपाक करणारा तिसराच असतो. पहिल्याने दिलेला शब्द तिसऱ्यापर्यंत पोहोचेलच, याची शाश्वती नसते.

परंतु जुन्या वास्तूचे दोषही तितकेच खरे असतात. बहुधा लिफ्ट नसते. जिने उभे असतात. ॲमस्टरडॅमच्या कालव्यांकाठच्या घरांतील जिने तर शिडीला लाजवतील इतके चढे. लाकडी तक्तपोशीतून वरच्या पावलांचा आवाज खाली येतो. काही खोल्यांची खिडकी रस्त्याकडे नसून आतल्या चौकाकडे असते. रात्री स्वागतकक्ष बंद राहण्याचीही शक्यता असते. हे दोष लपवलेले नसतात. ते विचारावे लागतात.

पहिली कसोटी सूर्याची. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्या कुटुंबाने शहर आणि महिना ठरताच तेथील सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा काढाव्यात. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात त्या वर्षभर फारशा बदलत नाहीत. पिनांगला सूर्य सायंकाळी सात ते पावणेआठच्या दरम्यान मावळतो. मे महिन्यात तो तेथे सकाळी सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे ४८ मिनिटांची नवकारसी आठच्या आत येते आणि हॉटेलच्या न्याहारीशी तिचा सहज मेळ बसतो. याउलट लंडनला जूनमध्ये सूर्यास्त रात्री सव्वानऊनंतर होतो आणि डिसेंबरात दुपारी चारच्याही आधी. तेथे हिवाळ्यात सूर्योदयच आठच्या सुमारास होतो. नवकारसीनंतर नऊ वाजता न्याहारी, आणि पुढे सात तासांच्या आत दिवसाचे सारे जेवण उरकायचे, असा तो हिशेब. तेव्हा न्याहारी दहापर्यंत मिळते का आणि दुपारी तीनला ताटात काही पडेल का, हे आधी पाहिले पाहिजे. उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सोसारख्या ठिकाणी तर मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळतच नाही. तेथे व्रताचा काळ कसा धरावा, हे निघण्यापूर्वी गुरुभगवंतांनाच विचारावे. तो निर्णय प्रवाशाने स्वतःच्या सोयीने करू नये.

दुसरी कसोटी स्वयंपाकघराची. विमान कंपन्यांमध्ये जैन भोजनासाठी व्हीजेएमएल हे ठरलेले सांकेतिक नाव आहे. तिकीट काढताना ते नोंदवता येते. हॉटेलांमध्ये असा कोणताही सर्वमान्य संकेत नाही. ‘शाकाहारी’ या शब्दाचा अर्थ देशोदेशी वेगळा होतो. मलेशियात पालेभाजीलाही कोळंबीच्या वाटणाची, म्हणजे बेलाचनची, फोडणी असू शकते. थायलंडमध्ये माशांपासून काढलेला रस्सा मिठाऐवजी वापरला जातो. जपानमधील पारंपरिक निवासात, ज्याला र्योकान म्हणतात, मुक्कामाबरोबर रात्रीचे जेवण ठरलेले असते. त्यातील बहुतेक पदार्थांचा पाया सुकवलेल्या माशाच्या अर्कावर असतो, आणि हिवाळ्यात ते जेवण सूर्यास्तानंतरच समोर येते. तेथे जेवणाविना नुसता मुक्काम देणाऱ्या जागा निवडाव्यात.

एक गोष्ट मात्र उपकारक आहे. चिनी बौद्ध परंपरेतील कडक शाकाहारी लोक कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीच्या उग्र भाज्या खात नाहीत. त्यामुळे आग्नेय आशियात अशा भोजनगृहांत कांदा-लसणाचा प्रश्न बराचसा सुटतो. तथापि मुळा, गाजर, बटाटा, कमळकाकडी, अळंबी हे तेथे सर्रास चालते, म्हणून ते वेगळे सांगावेच लागते. नको असलेल्या पदार्थांची यादी त्या देशाच्या भाषेत लिहून घेतलेला एक कागद जवळ असावा. ‘आम्ही जैन आहोत’ या वाक्याने तेथील आचाऱ्याला काहीच कळत नाही. ‘जमिनीखाली वाढणारे काहीही नको, अंडे नको, मासे किंवा कोळंबीचा अर्क नको’ हे वाक्य त्याला पूर्ण कळते.

खोलीत पाणी उकळण्याची किटली असेल, तर उकाळलेल्या पाण्याचा प्रश्न सुटतो. तिच्यात पूर्वी काय शिजवले गेले असेल, अशी शंका असणाऱ्यांनी आपली लहान किटली बरोबर न्यावी, मात्र त्या देशातील विजेचा दाब आणि पिनांचा आकार तपासून. खोलीत लपूनछपून शेगडी पेटवण्याची जी सवय काही प्रवाशांना जडली आहे, तिचा विचार मात्र गांभीर्याने व्हावा. धुराचा इशारा देणारी यंत्रणा वाजून दंड होतो, ही झाली व्यवहाराची बाजू. मालकाने नाही म्हटलेले त्याच्या पाठीमागे करणे, ही आचाराची बाजू. आहारशुद्धी राखण्यासाठी सत्याला बाध आणावा, असे कोणतेही व्रत सांगत नाही. स्वयंपाकाची सोय हवी असेल, तर ती असलेली जागाच घ्यावी. लहान स्वयंपाकघरासह मिळणारी बिऱ्हाडे बहुतेक मोठ्या शहरांत आहेत, आणि चार-पाच माणसांच्या कुटुंबाला दोन खोल्यांपेक्षा ती अनेकदा स्वस्तही पडतात.

शिदोरी तर लालबागकराने घरूनच न्यावी. चिवडा गल्ली जवळ असताना विमानतळावर महाग बिस्किटे घेण्याचे कारण नाही. कांदा-लसूण नसलेला चिवडा सांगून मिळतो. खाकरा, सुकी चटणी, भाजलेल्या डाळींचे पीठ टिकते. परंतु ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे उतरताना जवळचा प्रत्येक खाद्यपदार्थ जाहीर करावा लागतो. न केल्यास दंड होतो. इतर देशांचे नियमही निघण्यापूर्वी पाहून ठेवावेत.

तिसरी कसोटी पायी अंतराची. नकाशावर हॉटेल शोधल्यावर त्याच्याभोवती पंधरा मिनिटांच्या चालीचे वर्तुळ कल्पावे. त्यात भाजीपाल्याची मंडई, फळवाला आणि निदान एक शाकाहारी भोजनगृह आहे का, हे पाहावे. जॉर्ज टाउनमध्ये भारतीय वस्तीची पेठ जुन्या शहराच्या मध्यातच आहे. काही शहरांत जिनमंदिरही या वर्तुळात येऊ शकते. जपानमधील कोबे शहरात मोत्यांच्या व्यापाराने स्थिरावलेल्या जैन कुटुंबांनी १९८५ साली मंदिर उभारले. ते किटानो या भागात आहे आणि परदेशी व्यापाऱ्यांची जुनी घरे पाहण्यासाठी पर्यटक याच भागात येतात. म्हणजे तेथे मुक्काम केला, तर दर्शन आणि शहराचा इतिहास दोन्ही पायांखाली येतात. इंग्लंडमधील लेस्टरचे मंदिर शहराच्या मध्यभागी आहे. ते एका जुन्या चर्चच्या इमारतीत असून १९८८ साली तेथे प्रतिष्ठा झाली. याउलट बेल्जियममधील अँटवर्पचे संगमरवरी मंदिर विल्राइक या उपनगरात आहे, तर हिऱ्यांची पेठ मध्यवर्ती रेल्वे स्थानकाशेजारी. तेथे जाणाऱ्याने आपले प्रयोजन आधी ठरवावे आणि मग जागा निवडावी.

या तीन कसोट्यांवर चार-पाच नावे शिल्लक राहिली की नमुना मागण्याची वेळ येते. हा नमुना म्हणजे पत्र. आरक्षणाच्या संकेतस्थळावरील ‘विशेष विनंती’च्या चौकटीत दोन शब्द लिहून भागत नाही. हॉटेलला थेट ई-मेल करावा. तो लहान असावा आणि त्यात प्रत्येक प्रश्न वेगळ्या ओळीत असावा. साधारण असा :

‘आम्ही पाच जण आहोत. त्यांत पंचाहत्तर वर्षांच्या आजी आहेत. अमुक तारखेपासून सहा रात्री दोन शेजारच्या खोल्या हव्या आहेत. रस्त्यापासून खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत? न्याहारीत अंडे व मांस यांचा स्पर्श नसलेल्या वेगळ्या भांड्यात काही करून मिळेल का? आजी सूर्यास्तानंतर काहीही घेत नाहीत. सायंकाळी साडेसहाला जवळ साधे शाकाहारी जेवण कोठे मिळेल? खोलीत किटली व लहान फ्रिज आहे का? खिडकी कोणीकडे उघडते? थेट आरक्षण केल्यास सर्व करांसह एकूण रक्कम किती होईल?’

उत्तरे येतात तेव्हा व्यापाऱ्याची नजर कामी येते. ‘सर्व काही होईल, काळजी नसावी’ असे उत्तर मिनिटभरात आले, तर सावध व्हावे. प्रश्न वाचलाच गेला नसण्याचा संभव अधिक. ज्या उत्तरात एखादा स्पष्ट नकार असतो, किंवा उलट प्रश्न विचारलेला असतो, ते उत्तर विश्वासाचे. माल कोठे कमी आहे, हे आपण होऊन सांगणाऱ्या आडत्याशी पिढ्यान् पिढ्या व्यवहार चालतो. येथेही तोच न्याय. उत्तरच आले नाही, तर ते हॉटेल यादीतून काढून टाकावे. पैसे देण्यापूर्वी जो बोलत नाही, तो पैसे घेतल्यावर बोलेल, ही आशा व्यर्थ आहे.

पूर्वी राहून गेलेल्यांचे अभिप्रायही वाचावेत, पण सरासरी गुणांवर थांबू नये. गेल्या सहा महिन्यांतील अभिप्राय आधी पाहावेत, त्यातही सर्वांत कमी गुण देणारे. ‘मद्य मिळाले नाही’ ही एखाद्याची तक्रार जैन कुटुंबासाठी शिफारस ठरते. ‘वृद्ध आईला जिना चढता आला नाही’ हे वाक्य मात्र गंभीर. एकच दोष तीन वेगळ्या माणसांनी सांगितला असेल, तर तो खरा मानावा. छायाचित्रांतही हॉटेलने टाकलेली आणि पाहुण्यांनी काढलेली, अशी दोन्ही शेजारी ठेवून पाहावीत.

यानंतर पडतळ काढावी. दर्शनी दर हा पोत्यावरच्या चिठ्ठीसारखा असतो. त्यात कर, न्याहारी, जादा खाट, विमानतळावरून येण्या-जाण्याचा खर्च हे सारे मिळवल्यावर खरी किंमत कळते. मलेशियात परदेशी पाहुण्याला प्रत्येक खोलीमागे, प्रत्येक रात्रीमागे दहा रिंगिट पर्यटन कर पडतो. युरोपातील अनेक शहरांत माणशी किंवा खोलीमागे असा कर असतो आणि तो बहुधा हॉटेलातच वेगळा भरावा लागतो. स्वस्त खोली शहरापासून दूर असेल, तर रोजचे पाच माणसांचे भाडे तिच्याच खात्यावर मांडावे. असे केल्यावर पेठेतील मध्यम दराची खोली अनेकदा सर्वांत किफायतशीर ठरते. बाच्या दुपारच्या विश्रांतीची आणि वेळेवर होणाऱ्या सामायिकाची सोय होते, ती वेगळीच.

आरक्षण संकेतस्थळावरून करावे की थेट, याचे एकच उत्तर नाही. संकेतस्थळावर तुलना सोपी असते आणि वाद झाल्यास मध्ये कोणीतरी असते. थेट आरक्षणात हॉटेलला मध्यस्थाचे कमिशन द्यावे लागत नाही, म्हणून दरात सूट किंवा फुकट न्याहारी मागण्यास जागा असते. दोन्ही दर समोर ठेवून शांतपणे विचारावे. हे व्यापाऱ्याच्या मुलाला शिकवावे लागू नये.

परत न मिळणाऱ्या दराचा मोह व्हिसा हाती येईपर्यंत टाळावा. युरोपच्या शेंजेन व्हिसासाठी राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो. तेव्हा रद्द करता येणारे आरक्षण आधी करावे. रद्द करण्याची अंतिम तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवावी आणि ती कोणत्या देशाच्या घड्याळाप्रमाणे आहे, हेही पाहावे. कार्डाने पैसे देताना बँक परकी चलनाच्या व्यवहारावर जादा आकार लावते. तो किती, हे आधी विचारावे. हॉटेलच्या यंत्रावर ‘रुपयांत द्यायचे की स्थानिक चलनात’ असे विचारले गेल्यास स्थानिक चलन निवडावे. रुपये निवडले की चलनाचा दर यंत्रामागची कंपनी ठरवते आणि तो सहसा महाग पडतो.

कराची एक बाब. विमानाचे तिकीट, निवास आणि इतर खर्च यांपैकी किमान दोन गोष्टी एकत्र असलेले परदेश सहलीचे पॅकेज भारतातील विक्रेत्याकडून घेतले, तर त्यावर टीसीएस वसूल होतो. केवळ निवासाचे आरक्षण या व्याख्येत येत नाही, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०२३ साली स्पष्ट केले आहे. पॅकेजवर भरलेली रक्कम विवरणपत्रात वळती करून घेता येते. दर मात्र बदलत असतात, म्हणून चालू वर्षाचा दर घरच्या सनदी लेखापालांना विचारावा.

पक्के आरक्षण झाल्यावर मालकाच्या उत्तराचा कागद छापून घ्यावा. पायऱ्या, भांडी, वेळ, एकूण रक्कम हे सारे त्यात लेखी आहे. निघण्याच्या आठवडाभर आधी त्याच पत्राखाली दोन ओळी लिहून आठवण द्यावी. लहान हॉटेलात स्वयंपाक करणारी व्यक्ती एकच असते आणि तिलाही सुट्टी असते.

लालबागच्या त्या घरी पाच पत्रे लिहिली गेली, असे समजू. दोन उत्तरे आली नाहीत. एकाने सर्व काही होईल म्हटले. एकाने नम्रपणे जमणार नाही म्हणून कळविले. पाचव्याने लिहिले, ‘तळमजल्यावर खोली नाही. पहिल्या मजल्यापर्यंत अठरा पायऱ्या आहेत, एका बाजूला कठडा आहे. न्याहारीसाठी नवीन तवा वेगळा ठेवता येईल, पण आजींना दूध चालते का, हे कळवावे.’

सूनबाईंनी ते पत्र मराठीत वाचून दाखविले आणि म्हणाल्या, ‘‘बा, दुधाचे काय कळवू?’’

बांनी लगेच उत्तर दिले नाही. त्यांनी आधी विचारले, ‘‘पायऱ्या किती म्हणालीस?’’

‘‘अठरा.’’

‘‘चाळीतल्या घराला बावीस होत्या,’’ बा म्हणाल्या. मग थोड्या वेळाने त्यांनी पुढे सांगितले, ‘‘दूध चालते म्हणावे. आणि माझे गळणे नि कटासणे हातातल्या पिशवीत ठेव, मोठ्या बॅगेत नको.’’